पाकिटाची पुढची बाजू

गुड्डी, ये इकडे. अशी माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बस. तू पुण्यात आणि मी नागपुरात, हे मलाही कळतं, पण वाचताना तरी तसं समज. तो फोन उलटा करून ठेव आणि आजीचं जरा ऐकून घे. रागावले आहे मी तुझ्यावर. फार नाही, पण रागावले आहे.

रविवारी तू काय म्हणालीस, आठवतं? मी आपलं सहज विचारलं, "काय वं, आज किती फोटो पाहिले?" तर हसून म्हणालीस, "आजी, पाहायचं काय राहिलं आता? एआय चौकोन काढून देते, मी ओके करते." आणि लगेच मेसच्या भाजीवर गेलीस. भाजीचं मी सगळं ऐकून घेतलं. पण ते "ओके करते" काही माझ्या डोक्यातून जाईना. तू डॉक्टर झालीस, आता एक्स-रे वाचायचं शिक्षण घेतेस. मी एक्स-रे सेंटरवरची मदतनीस, बायकांचे दागिने काढून ठेवणारी आणि वेण्या वर बांधून देणारी. मी तुला काय शिकवणार? पण ज्या माणसाच्या बाजूला पाकीट आणि पेन घेऊन माझी तीस वर्षं गेली, त्याचं सांगू शकते. तू लहानपणी सेंटरवर यायचीस तेव्हा त्यांना काळे चष्मेवाले आजोबा म्हणायचीस. तेच ते.

नागपुरात उन्हाळ्यात काळा चष्मा कोण घालत नाही? पण लोक रस्त्यावर घालतात. आमच्या या डॉक्टरसाहेबांचं उलटं. सीताबर्डीच्या उन्हातून स्कूटर चालवत उघड्या डोळ्यांनी यायचे, सेंटरच्या गल्लीत लावायचे, दोन माळे चढायचे आणि सेंटरमध्ये पाय ठेवला की खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवायचे. मग वीस मिनिटं तसेच बसून राहायचे. म्हणायचे, "डोळ्याला अंधाराची सवय लागू द्या, बाई. उन्हातून आलेला डोळा आंधळाच असतो." जुन्या काळचे एक्स-रेवाले डॉक्टर असंच करत म्हणे. आता कम्प्युटरचे पडदे उजळ झाले, त्याची काही गरज नाही, असं सगळे त्यांना सांगून थकले. त्या चष्म्यात त्यांना धड दिसायचंही नाही. एकदा खुंटीला टांगलेल्या, सेंटरच्या मालकांच्या कोटाला त्यांनी वाकून नमस्कार केला होता. बाहेर बाकावर बसलेले पेशंट घाबरायचे. एका बाईनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "डाक्टरले दिसत नाही काय वं मावशी?" मी म्हटलं, "दिसते ना. डोये जपून वापरतेत ते."

मे महिन्यातही अंगात स्वेटर असायचं. एसीची थंडी बाधते म्हणून. आणि दर तासाभरानं वाचायची खोली सोडून खिडकीशी येऊन उभे राहायचे, समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे. "साड्या. ड्रेस मटेरियल. फॉल पिको करून मिळेल." डोळा लांब फेकायचा, म्हणजे तो ताजा होतो, हा त्यांचा हिशेब. खालचा फॉल-पिकोवाला वर पाहून ओरडायचा, "साहेब, कालचंच हाय, काही बदललं नाही!" हेही म्हणायचे, "ते मी पाहून सांगतो ना!"

मला लिहायला लावलं ते यांनीच. मी चौथीतून शाळा सोडलेली. विहारातले फलक अक्षर जुळवून वाचायची, एवढंच. मी लागले तेव्हा डार्करूममध्ये फिल्म धुवायचं काम होतं, आणि वाळलेली फिल्म नावाच्या पाकिटात घालायची. पहिल्याच आठवड्यात मी दोन पाकिटं अदलाबदल केली. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, नाव वाचता आलं नाही तर एकाचं फुफ्फुस दुसऱ्याच्या घरी जाईल." मी घाबरले आणि त्या पिवळ्या पाकिटांवरूनच वाचायला शिकले. लिहायलाही. आज हे जे तुला लिहिते आहे ना, ते अक्षर पाकिटांवर घटवलेलं आहे.

आता पाकिटाचं नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे. साहेबांची एक पद्धत होती. फोटो समोर आला की पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी ते वाचायचे नाहीत. चिठ्ठी माझ्या हातात उलटी धरलेली. आधी फोटो पाहायचे, आणि जे दिसलं ते मोठ्यानं बोलायचे. ते मी पाकिटाच्या पुढच्या बाजूला लिहायचं. साध्या मराठीत, डॉक्टरी शब्द नकोत. मग मी चिठ्ठी सुलटी करायची. चिठ्ठी वाचून मत बदललं तर बदललं, त्याची त्यांना लाज नव्हती, पण ते नवं मत पाकिटाच्या मागच्या बाजूला. पुढची बाजू खोडायची नाही. म्हणायचे, "चिठ्ठीत टीबी लिहिलं की मला टीबी दिसतो, बाई. डोळा फार आज्ञाधारक असतो. सांगाल ते पाहतो."

आणि खात्री किती, तेही लिहायचं. आण्यात. सोळा आणे म्हणजे ठाम. बारा आणे, आठ आणे. कधी कधी म्हणायचे, "चार आणे. पण लिहा. चार आणे म्हणजे शून्य नाही."

पाहायचीही रीत ठरलेली. फुफ्फुसांकडे ते शेवटी जायचे. आधी कोपरे, खांदे, बरगड्या, खाली दिसणारं पोट, मग हृदय, मग फुफ्फुस. "पाव्हण्यानं घरात शिरून एकदम सैपाकघरात जाऊ नये. आधी अंगण पाहावं." तू छातीचा फोटो पाहतेस तेव्हा आधी अंगण पाहतेस का गं?

मग मशीन आली. करोना सरल्यावर मालकांनी आणली. दोन पडदे झाले. डावीकडे साधा फोटो, उजवीकडे तोच फोटो, पण मशीनला शंका आली असेल तिथे रंगीत चौकोन आणि बाजूला टक्के. कंपनीचा मुलगा समजावून सांगत होता, "सर, तुमचा खूप वेळ वाचेल." साहेब म्हणाले, "वाचलेल्या वेळात काय करू? पाट्या तर वाचून झाल्या."

आम्हाला वाटलं, आता हे भांडतील. रिटायर होण्याच्या वयाचा माणूस, नवी वस्तू, भांडणारच. पण ते मशीनशी भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, डार्करूमचा जुना काळा पडदा कुठं आहे? त्याचं एक झबलं शिवा." मी म्हटलं, "कोनासाठी, साहेब?" तर उजव्या पडद्याकडे बोट. मी खरंच शिवलं. वरून गोल, खाली दोन नाड्या. उजव्या पडद्याला ते झबलं घातलेलं असायचं. साहेब डावा पडदा पाहून बोलायचे, मी पुढच्या बाजूला लिहायचे, मग ते स्वतः झबलं वर करायचे. मशीन काय म्हणते ते मी मागच्या बाजूला लिहायचे. "आधी बोला, मग खोला," असं त्यांचं सुरू झालं. टेक्निशियन पोरं चिडवायला लागली. एखादा डबा आणायचा आणि म्हणायचा, "बाई, कोणती भाजी असेल? आधी बोला, मग खोला!"

मशीनचा त्यांना राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. बुटीबोरीच्या एका कापड गिरणीतला कामगार आला होता, उत्तर प्रदेशकडचा, कापडाच्या गठ्ठ्यांवरून पडून छाती दुखत होती. साहेब बोलले, मी लिहिलं: सगळं ठीक, सोळा आणे. झबलं वर केलं तर मशीननं वरच्या कडेला बारीक चौकोन काढलेला. साहेब पुढे सरकले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे हिचं. फुफ्फुसाच्या बाहेर हवा शिरली आहे. मी अंगण पाहिलं म्हणतो आणि कुंपण पाहिलं नाही." त्या माणसाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तो वाचला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेढे आणले. एक मला, एक टेक्निशियनला, आणि एक मशीनच्या डोक्यावर. मालक ओरडले, "अहो, मुंग्या लागतील!" साहेब म्हणाले, "ती खात नाही तोवर मी खाणार नाही असं थोडंच आहे," आणि उचलून स्वतः खाल्ला.

पण त्या मशीनची एक खोड होती. वेणीची.

तुला पुस्तकात असेल, मला हातानं माहीत आहे. बाईची जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की फोटोत ती फुफ्फुसाच्या वरच्या भागावर पांढुरकी उमटते. अगदी आजारासारखी. म्हणून तर माझं काम होतं ते. कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येक बाईची पोत, काळे मणी, गळ्यातला ताईत काढून वाटीत ठेवायचा आणि वेणी वर गुंडाळून डोक्यावर बांधायची. पण मी सुट्टीवर असले, की घाईत राहून जायचं. मग मशीन वेणीवर चौकोन काढायची. साहेबांना ती वेणी लगेच ओळखू यायची, आतली पेडांची वीण दिसते म्हणे. ते हसायचे. "बाई, ही पुन्हा वेणीत अडकली." मग सगळेच हसायचे. कुणी टेक्निशियन चुकला की "वेणीत अडकला" म्हणायची पद्धत पडली. मला तेव्हा कळलं नाही, पण ते हसणं जरा वाढत गेलं होतं. वर चौकोन दिसला की आधी हसू यायचं.

तो दिवस मे महिन्यातला होता. झबल्याला धुळीचा वास यायला लागला होता, म्हणून शनिवारी मी ते धुवायला घरी नेलं. सोमवारी आणायला विसरले. दोरीवरच राहिलं. चूक माझी. हे मी आधीच सांगून ठेवते.

नरखेडकडच्या एका गावची बाई आली. संत्र्याच्या बागांत कामाला जाणारी, पंचविशीची असेल, सोबत नणंद. दीड महिना खोकला. घरी अंगावर पिणारी पोर सासूजवळ ठेवून आली होती, म्हणून सारखी घड्याळ पाहत होती. मी तिला आत नेलं. काय केस होते तिचे! तेल लावून घातलेली मनगटाएवढी वेणी. माझ्याकडची रबरं संपली होती, म्हणून मी माझ्या डोक्यातलं हिरवं क्लचर काढलं, तिची वेणी वर गुंडाळली आणि करकचून लावलं. ती म्हणाली, "मावशी, दुखते नं वं." मी म्हटलं, "दुखू दे. फोटो चांगला येते."

फोटो दोन्ही पडद्यांवर आला. साहेब खिडकीतून पाट्या वाचून आले, बसले. उजवा पडदा उघडा. आणि त्यावर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला लाल चौकोन. साहेबांची नजर आधी तिथंच गेली. हसले. "घ्या बाई, पुन्हा वेणी." आणि खटखट टाइप करून टाकलं, छाती स्वच्छ. सही झाली. माझ्या हातात पाकीट होतं, पेनचं टोपण निघालेलं होतं, पण मी काही लिहिलं नाही, कारण ते काही बोललेच नाहीत. मलाही खटकलं नाही. मीही हसलेच होते.

रिपोर्ट घेऊन त्या दोघी खाली उतरल्या. बस पकडायची म्हणून जिना धावतच उतरल्या.

पाच-दहा मिनिटांनी पुढची बाई आली. तिचेही केस लांब. मी सवयीनं क्लचर काढायला डोक्याकडे हात नेला. क्लचर नाही. हात तसाच डोक्यावर राहिला, गुड्डी. क्लचर त्या नरखेडच्या बाईच्या डोक्यावर गेलं होतं. म्हणजे फोटो काढताना तिची वेणी वर होती. म्हणजे फोटोत वेणी नव्हतीच.

इतक्या वर्षांत मी साहेबांना एकदाही "तुमचं चुकलं" म्हटलं नव्हतं. आणि म्हणायचं कशावरून? एका क्लचरवरून? मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, "काय झालं, बाई? काहून अशा उभ्या?"

मी म्हटलं, "साहेब, त्या बाईची वेणी नव्हती."

"मतलब?"

"वेणी मी वर बांधली होती. माह्या क्लचरनं. ते तिच्याच डोक्यावर गेलं. हे पाहा, माहे केस सुटे हायेत."

साहेबांनी माझ्या केसांकडे पाहिलं. मग वळले, तिचा फोटो पुन्हा काढला, आणि उजव्या पडद्यावर स्वतःचा तळहात आडवा धरला. आता उपयोग काय, तरी धरला. कोपरे, खांदे, बरगड्या, सगळं अंगण फिरून वर आले. म्हणाले, "उजवीकडे वर, गळ्याच्या हाडामागे, पांढुरकी सावली. पेड नाहीत. बारा आणे." मी पुढच्या बाजूला लिहायला लागले तर म्हणाले, "तिथं नको. मागे लिहा. पुढची बाजू आता मिळायची नाही."

अर्जावरच्या नंबरवर फोन लावला. तो गावातल्या दिराचा निघाला. "वहिनी त नागपूरले गेली," म्हणाला. ते आम्हालाही माहीत होतं.

साहेब उठले. स्वेटर तसंच, खाली उतरले, मी मागे. मेच्या दुपारी बारा वाजता स्वेटर घातलेला माणूस पाहून ऑटोवाला म्हणाला, "काका, बुखार आहे का? दवाखान्यात घेऊ?" साहेब म्हणाले, "दवाखान्यातूनच येऊन राहिलो. बसस्टँड. जल्दी."

स्टँडवर ही गर्दी. लग्नसराईचे दिवस. मी काटोल-नरखेडच्या फलाटाकडे गेले तर तिथं प्रत्येक बाईनं डोक्याला ओढणी नाहीतर पदर गुंडाळलेला. चेहरा कुणाचा दिसेना. साहेब एका बसच्या दारात उभे राहून आत पाहत होते, कंडक्टर त्यांच्यावर ओरडत होता. आणि मला दिसलं. पाणपोईच्या नळाशी एक बाई वाकून तोंड धूत होती, पदर मागे सरकलेला, आणि डोक्यावर माझं हिरवं क्लचर. घरी जाईपर्यंत वेणी सोडायचीही सवड तिला झाली नव्हती.

मी जाऊन तिचा हात धरला. ती दचकली, मग हसायला लागली. "अवं मावशी! क्लचर घ्याले आल्या का एवढ्या दूर?"

"हो वं बाई, क्लचरच घ्याले आली. चाल वापस."

"काहून?"

तोवर साहेब आले. घाम पुसत, धापा टाकत. मला वाटलं, काहीतरी कारण सांगतील. मशीन बिघडली होती, फोटो हलला होता, असं. मालकांनी तसंच सांगितलं असतं. साहेब म्हणाले, "ताई, माझं चुकलं. तुमचा फोटो मी नीट पाहिला नाही. परत चला, पुन्हा काढू."

नणंद तयार होईना. रिपोर्टचा कागद पुढे करून म्हणाली, "ह्याच्यात त चांगलं हाय म्हणून लिवलं ना जी."

"ते मीच लिहिलं. चुकीचं लिहिलं."

"बस सुटली त दुसरी चार वाजता हाय. पोर उपाशी राहीन," ती बाई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

साहेब म्हणाले, "पोरीसाठीच चला. तुम्हाला मी गाडी करून घरापर्यंत सोडतो." आणि तिथं, नळाशी, सगळ्यांसमोर त्यांनी तो रिपोर्ट घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

दुसरा फोटो तिला मागे वाकवून काढला, म्हणजे गळ्याचं हाड वर सरकतं. या वेळी साहेब स्वतः कपड्यांच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "क्लचर पाहू." मी तिचं डोकं दाखवलं. मग गेले. सावली तिथंच होती, आधीपेक्षा स्वच्छ दिसत होती. थुंकीची तपासणी झाली, टीबीच निघाला. औषधं लगेच सुरू झाली, पोरीचीही तपासणी झाली, ती बरी होती. सहा महिन्यांनी ती बाई पुन्हा आली तेव्हा गालावर मांस आलं होतं. तो फोटो साहेबांनी वाचला आणि मी पुढच्या बाजूला लिहिलं: स्वच्छ, सोळा आणे. क्लचर तिनं परत आणलं नव्हतं, मीही मागितलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारच्या संध्याकाळचं. सगळे गेले होते. साहेब ते पाकीट हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, "साहेब, झबलं मी धुवाले नेलं होतं. माह्यामुळं झालं."

"झबल्यावर माझी अक्कल टांगली होती का?" ते म्हणाले. मग पाकीट माझ्यासमोर धरलं. "हे पाहा, पुढची बाजू कोरी. मी आज फोटो वाचलाच नाही, बाई. मी मशीनशी बोललो. ती म्हणाली 'आहे', मी म्हणालो 'नाही'. बस, खतम. मला वाटत होतं, मी तिच्या हो ला हो करत नाही म्हणजे माझा डोळा माझाच आहे. पण माझं 'नाही' म्हणणंही तिच्याकडेच पाहून झालं. त्या बाईकडे कुणी पाहिलं?"

मी म्हटलं, "च्या ठेवू का?" म्हणाले, "ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जुनी पाकिटं काढली. जिथं जिथं मशीननं वर चौकोन काढला होता आणि साहेबांनी वेणी म्हणून हसून सोडलं होतं, ती सगळी. एकेक फोटो पुन्हा पाहिला. शंका आली त्यांना बोलावून पुन्हा काढला. मालक कुरकुरले. आठवडाभर चाललं ते. आणि गंमत अशी, की बाकी सगळ्या वेण्याच निघाल्या. साहेब हिरमुसल्यासारखे हसले. "मशीन मूर्ख नाही आणि मी हुशार नाही, एवढंच निघालं, बाई."

इथं थांबले असते तर गोष्ट बरी झाली असती. पण त्यानंतर साहेबांच्यात भीती शिरली. मला ती पाकिटावर दिसली. आधी ते चार-चार ओळी बोलायचे. आता एक ओळ. आधी बारा आणे, सोळा आणे. आता आठ आणे, आठ आणे, सगळं आठ आणे; त्या नरखेडच्या बाईला दिलेले सोळा आणे तेवढे शेवटचे. बोलता बोलता झबल्याकडे पाहायचे. मी लिहीत होते म्हणून मला कळत होतं, इतर कुणाला कळलं नसतं. रिपोर्ट तर सगळे बरोबरच जात होते. मशीन आणि साहेब मिळून चुका कमीच झाल्या होत्या, तेही खरं सांगते.

एक दिवस मी पाणी घेऊन आत आले तर झबल्याची एक नाडी सुटलेली. साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, पुढे काही लिहू नका. मी उचलून पाहिलं. बोलण्याआधी."

मी म्हटलं, "एकदा पाहिलं तर काय होते, साहेब?"

"एकदा नाही. आज तुम्ही पाहिलं म्हणून सांगून राहिलो."

त्या पेशंटचा फोटो त्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे वाचायला पाठवला. त्याच महिन्यात सही करणं सोडलं. मालकांनी थांबा म्हटलं, मशीन आहेच मदतीला, तुम्ही नुसतं बसा. साहेब म्हणाले, "नुसतं बसायला घर आहे ना." मशीनला ते कधी वाईट बोलले नाहीत. जाताना तिच्या डोक्यावर टपली मारून गेले.

मग पाट्या वाचायला ते माझ्या घरी यायचे म्हणा ना. आमच्या गल्लीत पाट्या दोनच, पिठाची गिरणी आणि जन्म-मृत्यू दाखल्याचं ऑनलाइन सेंटर, पण त्या वाचायचे. मागच्या थंडीत गेले. त्याआधी एकदा आले तेव्हा पिशवीतून झबलं काढलं आणि एक पाकीट. त्यात तो शेवटचा फोटो होता, झबलं आधीच उचलून पाहिलं म्हणून जो त्यांनी वाचला नाही, तोच. फिल्मवर छापून घेतलेला, नाव कापून टाकलेलं. मागच्या बाजूला मशीननं काय म्हटलं आणि दुसऱ्या डॉक्टरनं काय म्हटलं ते माझ्याच अक्षरात होतं, त्यावर त्यांनी कागद चिकटवला होता. म्हणाले, "तुमची नात शिकते ना हेच? तिच्याकडून भरून घ्या. माझ्याच्यानं राहिलं."

तर गुड्डी, ते पाकीट माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. पुढची बाजू कोरी आहे. झबलं धुऊन, घडी करून ठेवलं आहे, तुला पुण्याला नेता येईल. तुझी मशीन तू वापर, चांगली आहे ती, एका माणसाला तिनं माझ्यासमोर वाचवलं आहे. पण त्याआधी एकदा घरी ये. दिवाळीची वाट पाहू नकोस, माझं अक्षर आताशा थरथरतं. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरू, तू अंगणापासून पाहा आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोल, मी लिहीन. चुकलीस तरी लिहीन, चार आणे असलं तरी लिहीन. लवकर ये.